जोखीम कुणाच्या अंगावर?

मोटार शर्यतीतल्या एखाद्या धाडसी चालीवरून भांडण पेटलं की हमखास दोन प्रश्न पुढे येतात. ती चाल नियमात बसत होती का? आणि ती खेळायला किती छाती लागते? दोन्ही प्रश्न वरवर रास्त वाटतात, पण दोन्हींनी निकाल लागत नाही. नियम बहुतेक वेळा चाल खेळून झाल्यावर लिहिला जातो, आणि छातीचं म्हणाल तर लबाडी करायलाही छाती लागतेच. या प्रकरणात तिसऱ्याच प्रश्नाची बाजू मांडायची आहे: त्या चालीतली जोखीम कुणाच्या अंगावर पडली, आणि ज्याच्या अंगावर पडली त्याला ती नाकारायची सोय होती का? हा प्रश्न अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतीवर घासून पाहू, कारण धाडस आणि दांडगाई यांच्यातली सीमा तिथे जितक्या जाहीरपणे आणि जितकी वर्षं भांडली गेली तितकी क्वचितच कुठल्या खेळात भांडली गेली असेल. पण तो प्रश्न पनवेल-कल्याण पट्ट्यातल्या बैलगाडीलाही लागू पडतो आणि घणसोली गावात गोकुळाष्टमीला थरावर चढणाऱ्या पोरालाही.

स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानातून घेतलेली, रोजच्या वापरातली मोटार. अशा मोटारींच्या शर्यती नॅसकार या संस्थेनं १९४८ मध्ये एका छत्राखाली आणल्या. आजची गाडी शर्यतीसाठीच बांधलेली असते; बाजारातल्या मोटारीशी तिचं नातं तोंडावळ्यापुरतं उरलं आहे. मात्र एक जुना गुण टिकून आहे: चाकं पत्र्याच्या किंवा फायबरच्या अंगाखाली झाकलेली असतात. फॉर्म्युला वनच्या उघड्या चाकांच्या गाडीत चाकाला चाक लागलं की गाडी मोडते किंवा हवेत उडते. इथे मात्र दोन गाड्या अंगाला अंग घासत वळण घेऊ शकतात. त्यामुळे धक्का हा अपघात न राहता हत्यार होतो. पुढची गाडी वळणात टायरांच्या पकडीच्या अगदी काठावर असताना मागच्यानं तिच्या बंपरला नुसता खांदा लावला, तरी तिची मागची चाकं घसरतात, ती वरच्या बाजूला सरकते आणि आतली वाट मोकळी होते. हा धक्का हलका असेल तर प्रेक्षक टाळ्या वाजवतात, जोराचा असेल तर शिव्या घालतात. हलका कुठे संपतो आणि जोराचा कुठे सुरू होतो, हे मोजायचं माप मात्र कुणाच्या खिशात नसतं.

आधी सगळ्यात गाजलेली चाल घेऊ. व्हर्जिनिया राज्यातलं मार्टिन्सव्हिल हे नॅसकारच्या मुख्य मालिकेतलं सगळ्यात आखूड मैदान. एक फेरी साधारण साडेआठशे मीटरची. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी शेवटच्या फेरीत रॉस चॅस्टेन दहावा होता. अजिंक्यपदाच्या अंतिम लढतीत जायचं तर डेनी हॅमलिनला गाठण्यासाठी त्याला आणखी दोन जागा हव्या होत्या आणि हातात होती दोन वळणं. मागच्या सरळ पट्ट्यावर त्यानं पाचवा गिअर टाकला, गाडी बाहेरच्या भिंतीला चिकटवली, ॲक्सिलरेटर दाबून धरला आणि वळवण्याचं काम भिंतीवर सोपवलं. एरवी वळणात प्रत्येकाला वेग तोडावा लागतो, कारण टायरांची पकड अपुरी पडते. भिंत ज्या गाडीला वळवते तिला पकडीची गरजच उरत नाही. त्यानं पाच गाड्या मागे टाकल्या आणि हॅमलिनला रेषेवर गाठलं. ती फेरी १८.८४५ सेकंदांची भरली. इतर जण ती वीसेक सेकंदांत पुरी करत होते. मैदानावर स्टॉक कारनं त्याहून वेगवान फेरी कधी मारली नव्हती. लहानपणी एका व्हिडिओ गेममध्ये ही युक्ती केली होती, असं त्यानं नंतर सांगितलं.

एका दिवसात जगभर पोहोचलेल्या या चालीवर सहकारी चालकांमध्ये सरळ फूट पडली. काहींनी सलाम केला, काहींना लाज वाटली. आपल्या प्रश्नाच्या कसोटीवर ही चाल बरीचशी उतरते. गाडी त्याची मोडली, हाडं मोडली असती तर तीही त्याचीच. अशीच चाल २००८ मध्ये कॅन्ससला कार्ल एडवर्ड्सनं आणि २०२१ मध्ये डार्लिंग्टनला काइल लार्सननं करून पाहिली होती. दोघांचाही बेत फसला आणि पहिला नंबर हुकण्यापलीकडे त्याचं बिल दुसऱ्या कुणाकडे गेलं नाही. पण ‘बरीचशी’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. भिंतीवरून उसळून चॅस्टेनची गाडी आतल्या रांगेवर आली असती, तर पूर्ण वेगातल्या त्या गाडीपुढे वेग तोडलेले चालक असहाय होते. एकानं जिंकून दाखवल्यावर पुढच्या वेळी दहा जण भिंतीला लागतील, हा त्याहून मोठा धोका. नॅसकारनं इथे शहाणपणा केला. चॅस्टेनचा निकाल कायम ठेवला, आणि जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलं की यापुढे असं केलं तर सुरक्षिततेच्या आधीपासूनच्या नियमाखाली शिक्षा होईल. पहिल्यानं स्वतःच्या जिवावर जे केलं ते त्याचं. त्याची प्रथा झाली असती तर ती इतरांच्या जिवावर उठली असती. या निर्णयानं दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य केल्या.

आता उलट टोकाचं उदाहरण. २८ ऑगस्ट १९९९, टेनेसीमधलं ब्रिस्टल. नव्या टायरांवरचा टेरी लबॉन्टी डेल अर्नहार्टला मागे टाकून शेवटच्या फेरीत शिरला. अर्नहार्टनं मागून धडक दिली, लबॉन्टी गरगर फिरला, अर्नहार्ट जिंकला. ज्याच्या नावाचा अमेरिकेत जयजयकार होत असे त्याला त्या रात्री स्टेडियमनं हुर्यो देऊन घरी पाठवलं. त्याला फिरवायचं नव्हतं, फक्त हलवायचं होतं, असं अर्नहार्टचं स्पष्टीकरण. शिक्षा झाली नाही. इथे धाडस कुठे आहे? धडक देणाऱ्याची गाडी सरळ जात राहते, ज्याला लागते त्याचीच फिरते. नफा एकाचा आणि नुकसान दुसऱ्याचं, अशी ही सरळ वाटणी आहे. तरीही अर्नहार्टचे चाहते आजही या धडकेला मर्दानी चाल म्हणतात. मला त्यात मर्दानी काही दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: शर्यतीत उतरला म्हणजे धक्क्याला संमती दिलीच. आक्षेप पोकळ नाही. हेल्मेट चढवणाऱ्या प्रत्येकाला इथे काय चालतं ते माहीत असतं, आणि लबॉन्टीही काही साधू नव्हता. पण संमती कशाला दिली हे पाहावं लागतं. खांद्याला खांदा लागेल, जागा जाईल, इथवर ती पोहोचते. समोरचा मला जाणूनबुजून भिंतीवर घालेल, याला कुणी संमती देत नाही. आणि संमती देणारे फक्त चालकच असतात. २६ एप्रिल २००९ रोजी अलाबामातल्या टॅलाडेगा इथे जे घडलं त्यात जाळीपलीकडे बसलेल्यांचाही हिशेब करावा लागला.

त्या मैदानावर आतल्या पिवळ्या रेषेखाली जाऊन कुणाला मागे टाकता येत नाही, असा नियम २००१ पासून होता. हेतू चांगला: आतल्या सपाट पट्टीवरून घुसणाऱ्या गाड्यांमुळे होणारे मोठे अपघात टाळायचे. ऑक्टोबर २००८ मध्ये रीगन स्मिथ शेवटच्या क्षणी रेषेखालून पहिला आला. टोनी स्टुअर्टनं मला तिथे ढकललं, असं त्याचं म्हणणं. नॅसकारनं ते ऐकलं नाही आणि विजय स्टुअर्टला दिला. सहा महिन्यांनी त्याच मैदानावर शेवटच्या सरळ पट्ट्यात कार्ल एडवर्ड्सनं ब्रॅड केसेलोव्स्कीला अडवायला आतल्या बाजूला गाडी घातली. केसेलोव्स्कीपुढे दोन वाटा होत्या: रेषेखाली उतरून स्मिथसारखा विजय गमवायचा, किंवा जागा न सोडता धडक होऊ द्यायची. तो हलला नाही. एडवर्ड्सची गाडी उलटी होऊन हवेत गेली, दुसऱ्या गाडीवर आपटून प्रेक्षकांपुढच्या जाळीत घुसली आणि तिचे तुकडे उडून काही प्रेक्षक जखमी झाले; एका तरुणीचा जबडा मोडला. एडवर्ड्स जळत्या गाडीतून बाहेर पडून धावतच अंतिम रेषा ओलांडून गेला, आणि टीव्हीवर तेच दृश्य पुन्हापुन्हा दाखवलं गेलं. जबडा मोडलेल्या तरुणीपेक्षा ते दाखवायला सोपं होतं.

इथे नियमानंच जोखीम हलवली. रेषा नसती तर केसेलोव्स्की खाली सरकला असता. म्हणून ‘नियमात बसतं का’ हा प्रश्न अपुरा ठरतो: दोघेही नियमात होते आणि भुर्दंड बसला तिसऱ्याला. पुढच्या वर्षी नॅसकारनं चालकांना मोकळीक देण्याचं धोरण जाहीर केलं, त्याचा अर्थ एडवर्ड्सनं आपल्या परीनं लावला. मार्च २०१० मध्ये अटलांटाला, स्वतः शेकड्याच्या वर फेऱ्यांनी मागे असताना, त्यानं केसेलोव्स्कीला मुद्दाम धडक दिली आणि या वेळी केसेलोव्स्कीची गाडी उडाली. शिक्षा काय, तर तीन शर्यतींपुरती देखरेख. २०१५ मध्ये मॅट केन्सेथनं जोई लोगानोचा असाच सूड घेतला तेव्हा मात्र दोन शर्यतींची बंदी आली. संस्थेला स्वतःच्याच मोकळिकीची भीती वाटायला पाच वर्षं लागली.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. कुणाच्या मनात काय होतं हे पंचाला कसं दिसणार? दोनशे मैलांच्या वेगात हात एक इंच हलला, तो चुकून की ठरवून? पूर्वी याला उत्तर नव्हतं, म्हणून अर्नहार्ट सुटला. आता गाडीच्या स्टिअरिंगचा कोन, ब्रेक, ॲक्सिलरेटर यांची नोंद क्षणाक्षणाला होते. पुढच्या गाडीच्या उजव्या मागच्या कोपऱ्यावर आपल्या डाव्या पुढच्या कोपऱ्यानं आकडा टाकला की तिची शेपूट आत जाते, नाक बाहेर वळतं आणि ती सरळ भिंतीत घुसते. हा प्रकार चालकांत सगळ्यात बदनाम, कारण भिंतीवर तोंडानं आदळणं सगळ्यात घातक असतं. मे २०२३ मध्ये शार्लटला चेस एलियटनं हॅमलिनला असा आकडा टाकला. आपण चुकून वळलो, असं तो म्हणाला. नोंदी वेगळं सांगत होत्या आणि नॅसकारच्या सगळ्यात लोकप्रिय चालकाला एका शर्यतीला घरी बसावं लागलं. ऑगस्ट २०२४ मध्ये रिचमंडला ऑस्टिन डिलननं शेवटच्या वळणात आधी लोगानोला मागून ठोकलं आणि लगेच आतून पुढे निघालेल्या हॅमलिनला आकडा टाकला. डिलन जिंकला. तीन दिवसांनी संस्थेनं नोंदी आणि रेडिओवरचं बोलणं तपासून चषक त्याच्याकडेच ठेवला, पण त्या विजयामुळे मिळालेली अजिंक्यपदाच्या फेरीतली जागा काढून घेतली. अपिलं झाली, ती टिकली नाहीत. मनातलं वाचता येत नसलं तरी हातानं काय केलं हे वाचता येतं. आणि ज्या नफ्यासाठी दुसऱ्याला भिंतीवर घातलं तोच नफा हिरावला, तर मनाचा शोध घ्यायची फारशी गरजही उरत नाही.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रात स्टॉक कार नाही, पण शर्यतीच्या नादापायी वेळ-काळ-पैसा न पाहणारी गावं आहेत आणि इथली खरी शर्यत बैलांची आहे. तिच्यावर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बंदी आणली. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावायला बनलेली नाही, हे त्या निकालातलं एक कारण. २०१७ मध्ये राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली, उच्च न्यायालयानं ती अडवली, १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. नव्या अटींत जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, धावेच्या लांबीवर मर्यादा, बैलांची आधी तपासणी आणि काठी-चाबूक-विजेचा धक्का यांना मनाई आहे.

या अटी कशाला लागल्या ते जवळून पाहायला हवं. बैल पळवायची जुनी ‘चाल’ म्हणजे काय? शेपटी पिरगाळायची, प्रसंगी दातानं चावायची, काठीच्या टोकाला बसवलेल्या आरेनं टोचायचं. सुटताना बैल वेदनेनं झेप घेतो आणि पहिल्या काही ढेंगांत मिळालेली आघाडी शेवटपर्यंत पुरते. प्रेक्षकाला दिसते ती गाडीवानाची हिंमत: एवढ्याशा छकडीवर, तोल सांभाळत, दोन बेफाम जनावरांच्या मागे उभा माणूस. ती हिंमत खरी आहे. पण आर टोचण्यात हिंमत शून्य, कारण तिची जोखीम पूर्णपणे अशा जिवावर आहे ज्याला ना शर्यत ठाऊक, ना बक्षीस. शर्यतीचे समर्थक म्हणतात, आम्ही बैलाला पोरासारखा सांभाळतो, खुराक देतो, मालीश करतो. बहुतेक ठिकाणी हे खरंही आहे. शर्यतीमुळे देशी वंश टिकतात हा युक्तिवादही हलका नाही. मात्र लाड आणि संमती यांत फरक राहतोच. लाडक्या पोराच्या वतीनंही आईबाप सगळंच कबूल करू शकत नाहीत.

बैलगाडीच्या जगानं एका बाबतीत मात्र नॅसकारच्या आधीच उत्तर शोधलं आहे, याची कुणी फारशी दखल घेत नाही. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळच्या घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो. त्याला ‘बारी’ म्हणतात. पुढे घोडी, मागे बैल, आणि निकाल घड्याळावर, सेकंदांच्या तुकड्यांत. दुसऱ्याला अडवायची, ढकलायची, चाकात चाक घालायची सोयच नाही, कारण दुसरा तिथे नसतो. पनवेल, कल्याण, अंबरनाथ या आपल्या बाजूच्या आगरी पट्ट्यात शर्यत समोरासमोरची, दोन छकड्यांची. तिथे हरणारा घड्याळाकडून हरत नाही, माणसाकडून हरतो, आणि मग खुन्नस शर्यतीपुरती राहत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंबरनाथला दोन गटांतल्या शर्यतीच्या वादातून भर रस्त्यात गोळीबार झाला. अटलांटात एडवर्ड्सनं जे गाडीनं केलं ते इथे बंदुकीनं झालं. घाटातले लोक स्वभावानं शांत आणि खाडीकाठचे तापट, असं कुणी म्हणेल तर ते पटत नाही. फरक शर्यतीच्या रचनेत आहे.

घणसोलीचा प्रश्न याच मापानं पाहता येतो. ठाणे-बेलापूर रस्ता आणि ठाण्याची खाडी यांच्यामधलं हे जुनं आगरी-कोळी गावठाण, आज सिडकोच्या इमारतींनी वेढलेलं. दहीहंडीचे थर हे इथलं आणि साऱ्या ठाणे पट्ट्याचं धाडस. ठाण्यात २०१२ मध्ये नऊ थरांनी ४३ फुटांवरचा विक्रम झाला. थरांची उंची आणि पोरांचं वय यावर न्यायालयांत तीन वर्षं ओढाताण चालली: २०१४ मध्ये उच्च न्यायालयानं अठरा वर्षांखालच्यांना मनाई आणि वीस फुटांची मर्यादा घातली, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये उंचीवरची मर्यादा निघाली, चौदा वर्षांखालच्यांना मनाई तेवढी राहिली. अनेकांना ही माघार वाटली. मला हा निकाल आधीच्या दोन्हींपेक्षा नेमका वाटतो. उंची हा धाडसाचा भाग आहे आणि खालच्या थरातल्या जाणत्या गड्यानं ती पत्करलेली असते. वरचं आठ वर्षांचं पोर हलकं म्हणून निवडलेलं असतं, धाडसी म्हणून नव्हे. मंडपामागचा फलक आणि त्यावरचा फोटो कुणाचा, बक्षीस कुणाचं आणि पडणारं अंग कुणाचं, ही तीन नावं शेजारी लिहिली की वादाचा निम्मा धुरळा खाली बसतो. पाम बीच रस्त्याला तर एवढीही सूट नाही. वाशी ते बेलापूर हा रुंद, सरळ रस्ता वेगाच्या अपघातांनी बदनाम आहे आणि घणसोलीकडे आणलेला त्याचा वाढीव भाग ऐरोलीच्या अलीकडे कांदळवनाशी येऊन वर्षानुवर्षं अडला. तिथे रात्री दुचाकी उडवणाऱ्याला स्वतःची हाडं पत्करायचा हक्क असेल. कडेनं जाणाऱ्या सायकलवाल्याची हाडं त्याच्या हिशेबात धरायचा नाही.

शेवटचा आक्षेप उरतो, आणि चाहत्यांच्या मनात तोच पहिला असतो: धोका काढला तर खेळात उरलं काय? फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोनाला शेवटच्या फेरीत खुद्द अर्नहार्ट भिंतीवर आदळून गेला. त्यानंतर मान सांभाळणारं साधन सक्तीचं झालं, भिंतींना धक्का शोषणारे अडसर लागले. तेव्हापासून नॅसकारच्या मुख्य मालिकेच्या शर्यतीत एकही चालक मेलेला नाही. आणि या काळातच चॅस्टेननं ती फेरी मारली. त्या फेरीला असलेली भिंत अर्नहार्टच्या मरणानंतर मऊ झाली होती, गाडीचं अंग धक्का झेलणाऱ्या फायबरचं होतं. सुरक्षिततेनं धाडस मारलं नाही, उलट नवं धाडस शक्य केलं. चालकाला जिवाची थोडी खात्री असेल तरच तो नवं काही करून पाहतो. मरणाची खात्री असेल तर तो लवकर ब्रेक दाबतो.

आपल्याकडे शिक्षेची गोम वेगळीच आहे. रिचमंडचा धडा उचलून आर वापरणाऱ्याचं बक्षीस काढून घ्या, असं सुचवणं सोपं आहे. पण बैलगाडीत खरा नफा बक्षिसात नसतो. शर्यत जिंकलेल्या बैलाला मागणी येते आणि एका नामी बैलाचा सौदा अनेक लाखांत होतो. बक्षिसाची मोटारसायकल त्यापुढे किरकोळ. त्यामुळे जिंकल्यानंतर चोरी उघड झाली तर चषक परत घेऊन काही बिघडत नाही, बैलाचा भाव तोवर चढलेला असतो. शर्यतीच्या सुटीच्या जागेवर कॅमेरा हवा, निकालाबरोबर ते चित्रण सगळ्यांना पाहता यायला हवं आणि दोषी ठरलेल्या बारीची वेळ त्या बैलाच्या नावावरून कायमची खोडली जायला हवी. खरेदीदार बैलाची वेळ पाहूनच पैसे मोजतो, आणि ती वेळ नोंदवहीत नसेल तर आर टोचून मिळवलेल्या त्या सेकंदाला बाजारात गिऱ्हाईक मिळणार नाही.